आरोळीकोंडी : सामन्यांचे थेट प्रक्षेपण करणाऱ्यांस व दूरचित्रवाणी संच बनवणाऱ्यांस खुले पत्र

माननीय महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, गेली काही वर्षे मी प्रत्येक मोठ्या सामन्याचा निर्णायक क्षण डोळ्यांनी पाहण्याआधी छतातून ऐकतो आहे. माझ्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ खेळाचे कट्टर भक्त आहेत, त्यांचा आवाज खणखणीत आहे, आणि त्यांच्या घरातला सामना माझ्या घरातल्या सामन्याच्या ४१ सेकंद पुढे चालतो. हा आकडा मी उगाच ठोकून दिलेला नाही. वरून पाय आपटल्याचा आवाज आला की स्टॉपवॉच सुरू करायचे आणि माझ्या पडद्यावर गोल झाला की ते बंद करायचे, हा उद्योग मी ओळीने पाच सामने केला. उत्तर दर वेळी ३९ ते ४३ सेकंदांच्या दरम्यान आले. दोन्ही घरांत सामना एकच, मैदान एकच, समालोचकाचा बसलेला घसाही एकच. फरक इतकाच की त्यांच्याकडे तो छतावरच्या तबकडीतून उतरतो आणि माझ्याकडे इंटरनेटवरून येतो.

बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला ४१ सेकंद म्हणजे काहीच नव्हेत, पण मैदानावरचे काळ-काम-वेगाचे गणित निराळे असते. फुटबॉलमध्ये पेनल्टीची खूण गोलरेषेपासून सुमारे ११ मीटरवर असते आणि ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू ते अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो; म्हणजे माझ्या वाट्याला आलेल्या उशिरात अशा शंभर पेनल्ट्या सहज मावतात. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये १०० मीटरचे अंतर ९.५८ सेकंदांत पार केले. त्या वेगाने तो वरच्या मजल्यावर तीच शर्यत चार वेळा जिंकून पाणी पिऊ लागला, की मग माझ्याकडे सुरुवातीचा बार उडतो. क्रिकेटमध्ये तर हिशेब इतका चपखल बसतो की कोणी मुद्दाम जुळवून आणला असावा असे वाटते. ५० षटकांच्या एका डावासाठी साडेतीन तास दिलेले असतात. भागाकार केला की एका चेंडूच्या वाट्याला ४२ सेकंद येतात. म्हणजे वरचे गृहस्थ माझ्यापेक्षा जवळजवळ बरोबर एक चेंडू पुढे आहेत. माझा गोलंदाज धाव घ्यायला वळतो तेव्हा त्यांचा फलंदाज मान खाली घालून तंबूकडे निघालेला असतो.

१८ डिसेंबर २०२२ची रात्र मी विसरू शकत नाही. विश्वचषकाचा अंतिम सामना, अर्जेंटिना आणि फ्रान्स, १२० मिनिटांनंतर ३-३ अशी बरोबरी आणि मग पेनल्ट्या. फ्रान्सच्या कोलो मुआनीने आपला चेंडू जाळ्यात धाडला तेव्हा अर्जेंटिना ३-२ अशी पुढे होती. आता मोंतिएलची पाळी. त्याने गोल केला की सामना तिथेच संपणार होता, चुकला असता तर श्वास आणखी काही काळ रोखून धरावा लागणार होता. माझ्या पडद्यावर मोंतिएल मध्यरेषेपासून नुकता चालायला लागला होता, त्याने चेंडू अजून हातातही घेतला नव्हता, आणि वरच्या मजल्यावर आभाळ कोसळले. खुर्ची उलटली, दोन पाय एकदम आपटले, आणि जी आरोळी उठली तिच्यात शंकेला जागाच नव्हती. त्यानंतर मोंतिएलने चेंडू खुणेवर ठेवला, मागे सरकला, गोलरक्षकाकडे पाहिले, पंचांच्या शिट्टीची वाट पाहिली. जगभरातली माणसे त्या घटकेला देवाला साकडे घालत होती आणि मी मात्र गाडी सुटल्यानंतर फलाटावर पोहोचलेल्या माणसासारखा वेळापत्रक वाचत बसलो होतो.

पुनर्दर्शनाची किमया ही आपल्याच क्षेत्राची देणगी आहे, म्हणून तिची आठवण इथे करून देतो. ७ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत आर्मी आणि नेव्ही या लष्करी अकादमींच्या संघांतल्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात दिग्दर्शक टोनी व्हर्ना यांनी नुकताच घडलेला एक डाव ध्वनिचित्रफितीवरून लगेच पुन्हा दाखवला, तेव्हा आर्मीने दुसऱ्यांदा गुण मिळवलेले नाहीत, हे समालोचकाला प्रेक्षकांना मुद्दाम सांगावे लागले होते. एकच क्षण दोनदा पाहणे लोकांना इतके नवे होते. त्या गोष्टीला साठ वर्षे उलटून गेली आणि आपण त्याच्याही पुढची मजल मारलीत. मला आता पुनर्दर्शन आधी मिळते आणि मूळ घटना नंतर.

सरावाने माणूस काय शिकणार नाही? मी छत वाचायला शिकलो आहे. खुर्चीचे पाय फरशीवर खरवडले की समजावे, कोणीतरी गोलक्षेत्रात शिरले आहे. पाठोपाठ दोन्ही पाय आपटले तर गोल. एकच पाय आपटला आणि मागून लांबलेला हुंकार आला तर चेंडू खांबाला लागला. टाळी एकदाच वाजून थांबली तर ती ऑफसाइड. भरभर येरझाऱ्या सुरू झाल्या तर निर्णय तिसऱ्या पंचाकडे गेला आहे, आणि त्या येरझाऱ्या ज्या टोकाला थांबतील त्यावरून मी फलंदाज बाद की नाबाद ते दहातल्या आठ वेळा बरोबर सांगतो. सर्वांत वाईट असते ती शांतता. मघापर्यंत सतत काहीबाही बडबडणारा माणूस एकाएकी गप्प झाला, की समोरच्या संघाने गोल केला आहे हे मला कळते आणि पुढचे ४१ सेकंद मी माझ्या बचावपटूंकडे मरणाऱ्या माणसाला भेटायला आल्यासारखा बघत राहतो. ही विद्या मी हौसेने मिळवलेली नाही आणि ती विसरता येत असती तर फार बरे झाले असते.

हा उशीर येतो कुठून, हे आपणांस मी सांगायचे म्हणजे सुतारासमोर रंध्याची महती गाण्यासारखे आहे; पण हे पत्र खुले आहे आणि ते वाचणाऱ्या माझ्यासारख्या इतर पीडितांना त्याचे कारण समजले पाहिजे. दोष अंतराचा नाही. दळणवळणाचे भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. तिथपर्यंत वर जाऊन पुन्हा खाली यायचे म्हणजे ७१ हजार किलोमीटरहून अधिक प्रवास झाला, आणि तो संदेश पाव सेकंदात उरकतो. बाकीचा सगळा वेळ जमिनीवरच्या सोपस्कारांत जातो. इंटरनेटवरून येणारे चित्र आधी दाबून लहान केले जाते, त्याच्या भारी-हलक्या दर्जाच्या अनेक प्रती काढल्या जातात, मग त्यांचे साधारण सहा-सहा सेकंदांचे तुकडे पाडून ते ठिकठिकाणच्या सर्व्हरांवर पाठवले जातात, आणि माझा संच ते तुकडे एकेक करून मागवतो. मागवल्या मागवल्या तो ते दाखवतही नाही. मध्येच जोडणी मंदावली तर पडद्यावर गोल भोवरा फिरत राहू नये म्हणून तो तीन तुकडे गाठीला बांधून ठेवतो आणि मगच पहिला उलगडतो. तिथेच १८ सेकंद गेले. उरलेले दाबण्यात, पोहोचवण्यात आणि पुन्हा उलगडण्यात जातात. ही पद्धत २००९च्या सुमारास रूढ होऊ लागली आणि २०१९पासून त्या तुकड्यांचेही तुकडे करून उशीर कमी करण्याच्या युक्त्या निघाल्या आहेत, हे मला ठाऊक आहे. पण त्या युक्त्या सर्वांच्या घरी एकाच दिवशी पोहोचत नाहीत, आणि दुखणे नेमके तिथेच आहे. सगळ्यांना सारखाच उशीर झाला असता तर तो कोणाच्या लक्षातही आला नसता. वरच्या माणसाची आरोळी मात्र ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, सरळ येते. तिला कोणी दाबत नाही आणि तिचे कोणी तुकडे पाडत नाही.

पूर्वी, म्हणजे मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी छतावरच्या अँटेनाने झेलून थेट पडद्यावर फेकायच्या काळात, चित्र अंधुक असे, मधूनच मुंग्या दिसत आणि वारा सुटला की कोणालातरी गच्चीवर चढून दांडा फिरवावा लागे. पण त्या चित्राला थांबून विचार करायची सवय नव्हती. गोल झाला की सगळ्या घरांतून आरोळी एकदम उठे, खिडक्यांतून ती एकमेकींना भेटे, आणि कोणाचा संच मोठा, कोणाचा लहान याचा तिच्याशी काही संबंध नसे. आता चित्र इतके स्वच्छ झाले आहे की गोलरक्षकाच्या हातमोज्याची शिवण दिसते, आणि आरोळी मात्र इमारतीत मजल्यामजल्याने, पाण्याची टाकी भरल्यासारखी चढत-उतरत राहते.

माझ्या या गाऱ्हाण्यावर मला आजवर जे सल्ले मिळाले त्यांचा समाचार थोडक्यात घेतो. जोडणी बदला, असे सांगणारे विसरतात की मी पुढे गेलो तरी शेवटून पहिले कोणीतरी राहणारच. रांग मोडली नाही तर फक्त मागे उभा असलेला माणूस बदलतो. कानाला हेडफोन लावा, असे सांगणाऱ्यांना मला नेमके काय हवे आहे तेच कळलेले नाही. वरच्या गृहस्थांनी ओरडू नये अशी माझी इच्छा मुळीच नाही. ते ओरडले नाहीत तर सामना पाहिल्यासारखाच वाटणार नाही. त्यांनी ओरडावे, अगदी पलिस्तर पडेपर्यंत ओरडावे, पण माझ्याबरोबर ओरडावे, एवढेच माझे मागणे आहे. आणि चित्राला पळवणे माझ्या हाती नसेल तर आरोळीला थांबवणे तरी माझ्या हाती आहे, या विचारातून जे यंत्र मला सुचले त्याचे नाव मी आरोळीकोंडी असे ठेवले आहे.

आरोळीकोंडीचा मुख्य भाग म्हणजे तोंडावर बसवायचा मऊ रबराचा पेला. नाक मोकळे राहते, म्हणजे श्वासाला अडथळा नाही. पेल्याच्या आत स्पंजचे जाड अस्तर आणि त्याच्या तळाशी एक मायक्रोफोन असतो. ज्याचे चित्र पुढे आहे त्याने सामना सुरू होण्याआधी हा पेला पट्ट्याने डोक्यामागे बांधायचा. तो ओरडला की आवाज अस्तरात जिरतो, मायक्रोफोन तो टिपून घेतो, आणि त्यावर त्या क्षणाची सामन्यातली वेळ शिक्क्यासारखी उमटते. ही वेळ घरातल्या घड्याळाची घेऊन चालत नाही. ती पडद्याच्या कोपऱ्यात गुणफलकाशेजारी दिसणारी खेळाची वेळ असली पाहिजे, आणि क्रिकेट असेल तर षटक व चेंडूचा क्रमांक. इमारतीतल्या सर्व संचांसमोर एकेक छोटा डोळा बसवलेला असतो, जो हाच कोपरा वाचत राहतो. सर्वांत मागे असलेला संच त्या शिक्क्याच्या वेळेला पोहोचला, की कोंडून ठेवलेली आरोळी मालकाच्या खिडकीतल्या कर्ण्यातून, होती त्याच ताकदीने, बाहेर सोडली जाते. तोवर मालकाला घसा फाडल्याचे समाधान मिळालेले असतेच. जगाला ते ४१ सेकंदांनी कळते इतकेच.

पाय आपटण्याचा बंदोबस्त करणे याहून अवघड गेले, कारण ती बातमी हवेतून न जाता स्लॅबमधून जाते. त्यासाठी वरच्याच्या पायांखाली स्प्रिंगांची जाड गादी घालायची. ती दणका गिळते आणि त्याची नोंद ठेवते. आणि माझ्या छताला उलटा टांगलेला एक लाकडी हातोडा योग्य वेळी तितक्याच जोराने छतावर ठोके देतो. वरच्या गृहस्थांना ही कल्पना विशेष आवडली, कारण खालच्या माणसाने छत ठोकले तर त्याचा अर्थ आजवर वेगळा होत असे.

शांततेचे काय करायचे, या प्रश्नाने माझ्या दोन रात्री खाल्ल्या. आरोळी कोंडता येते, पण गप्प बसणे कसे कोंडणार? शेवटी उपाय सापडला तो असा की सामना चालू असताना प्रत्येक कर्ण्यातून मालकाच्याच आवाजातली साधारण बडबड, खाकरणे, खुर्ची सरकवणे वगैरे अखंड चालू राहील, आणि तो खरोखर गप्प झाला असेल तर ती बडबड मागच्या संचाच्या वेळेनुसार बंद पडेल. यासाठी प्रत्येकाने सामन्याच्या आधी तासभर निरर्थक बोलणे ध्वनिमुद्रित करून द्यावे लागेल. सामन्याआधीच्या चर्चेचे कार्यक्रम पाहता हे काम माणसाला जमण्यासारखे आहे.

या यंत्राचा एक कच्चा नमुना मी घरीच केला. नरसाळे, जुन्या यष्टिरक्षणाच्या हातमोज्याचे अस्तर, एक जुना ध्वनिमुद्रक आणि माझा भाचा एवढे साहित्य लागले. भाच्याला वरच्या गृहस्थांच्या परवानगीने त्यांच्या सोफ्यावर बसवले आणि कर्णा माझ्या खिडकीत ठेवला. पहिला गोल झाला तेव्हा काय झाले ते लिहिताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो: माझ्या पडद्यावर चेंडू जाळ्यात शिरला, मी ओरडलो, आणि त्याच श्वासात भाचाही कर्ण्यातून ओरडला. कित्येक वर्षांत मी कोणाबरोबर एकदम ओरडलो नव्हतो. दुसऱ्या प्रयोगात थोडी गडबड झाली. भाचा पेल्यात शिंकला. यंत्राने ती शिंक इमानाने टिपली आणि ४१ सेकंदांनी, एक खेळाडू मैदानावर आडवा पडलेला असताना आणि अख्खे स्टेडियम गप्प असताना, पूर्ण आवाजात बाहेर टाकली. आरोळी आणि शिंक यांतला फरक यंत्राला शिकवणे अजून बाकी आहे.

तिसऱ्या प्रयोगात जे घडले त्याने मात्र माझी खात्रीच पटली. भाच्याने गोल पाहिला, ओरडला, आणि मग व्हिडिओ पंचाने तो गोल रद्द केला. २०१८च्या विश्वचषकापासून ही व्यवस्था फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत आली आणि तेव्हापासून छतावरून येणारी बातमी खोटीही असू शकते. एरवी असे होते की वरची आरोळी ऐकून मी गोल झालाच असे धरून निवांत बसतो, माझ्या पडद्यावर तो होतोही, आणि मग पंच कानाला हात लावून उभा राहतो. म्हणजे आधी आश्चर्य गेले आणि नंतर आनंदही गेला. आरोळीकोंडी लावली असताना आम्ही दोघे एकदम फसलो आणि एकदम चरफडलो. फसवणूक सर्वांची एकाच वेळी झाली की तिच्यातही एक सोबत असते.

सर्वांत मागच्याचे घड्याळ सर्वांनी का पाळायचे, असा आक्षेप पुढचे लोक घेतील याची मला कल्पना आहे. त्यासाठी मी ९० सेकंदांची मर्यादा सुचवतो. ज्याचे चित्र त्याहूनही मागे आहे तो प्रेक्षक सामना पाहत नसून सामन्याचा इतिहास पाहत आहे असे समजावे आणि त्याच्यासाठी कोणी थांबू नये. फोनवर टपकणाऱ्या गुणांच्या सूचनांसाठी वेळेवरच झाकण उघडणारी एक डबी यंत्रासोबत द्यावी लागेल. दूर राहणाऱ्या नातेवाइकांच्या "काय मारला!" अशा संदेशांवर मात्र माझ्याकडे उपाय नाही, कारण तो दोष यंत्राने सुधारण्याजोगा नाही.

ही सगळी कल्पना आपणांस हास्यास्पद वाटत असेल तर आपल्याच धंद्यातल्या एका वडीलधाऱ्या शोधाकडे पाहावे. झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली यांनी १९५५ साली दूरनियंत्रक बनवला तो म्हणजे पिस्तुलाच्या आकाराची एक टॉर्च होती. संचाच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार सेल होते. ज्या कोपऱ्यावर झोत टाकाल ते काम होई. पण खिडकीतून ऊन आत आले की तेही पडद्याच्या कोपऱ्याला शिवून आपल्या मर्जीने चॅनेल बदली. पुढच्याच वर्षी रॉबर्ट अॅडलर यांनी आतल्या छोट्या हातोडीने अॅल्युमिनियमच्या दांड्या वाजवून माणसाला न ऐकू येणारा आवाज काढणारा नियंत्रक आणला, आणि मग किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी संच हलायचा. तरीही आपल्या पूर्वसूरींनी तो विकला आणि लोकांनी तो पुढे जवळजवळ पंचवीस वर्षे वापरला. उन्हाने चॅनेल बदलणारे यंत्र खपले, तर शिंक साठवणाऱ्या यंत्राने काय घोडे मारले आहे? शिवाय आवाज काही सेकंद अडवून ठेवण्याची विद्या नवी नाही. श्रोत्यांचे फोन थेट ऐकवणारी रेडिओ केंद्रे कोणी अपशब्द काढलाच तर तो कापता यावा म्हणून मुद्दाम काही सेकंद मागून बोलत आली आहेत. शिवीसाठी जे केले ते आनंदासाठी करायला हरकत नसावी.

आता आपणांकडून काय हवे, ते सांगतो. प्रक्षेपण करणाऱ्यांनी प्रत्येक चित्रावर, डोळ्यांना दिसणार नाही पण यंत्राला वाचता येईल अशी, मैदानावरची खरी वेळ छापून द्यावी, म्हणजे कोपऱ्यातला गुणफलक जाहिरातीखाली झाकला गेला तरी माझा डोळा चुकणार नाही. संच बनवणाऱ्यांनी मागच्या बाजूला, जिथे आधीच दहा भोके आहेत आणि त्यांतली सात कशासाठी आहेत ते कोणालाच माहीत नाही, तिथे आरोळीकोंडीसाठी अकरावे ठेवावे. आणि दोघांनी मिळून त्या लाल ठिपक्याशेजारच्या "थेट" या शब्दाचा एकदा विचार करावा. तो शब्द काढून टाका असे मी म्हणत नाही. त्याच्यापुढे चित्राचे वय लिहा: "थेट, ४१ सेकंदांपूर्वीचे". डबाबंद वस्तूवर तयार केल्याची तारीख छापावी लागते. सामन्यावर निदान सेकंद तरी छापले जावेत.

प्रेक्षकांच्या तक्रारींना आपण दाद देत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. १७ नोव्हेंबर १९६८ रोजी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीने न्यूयॉर्क जेट्स आणि ओकलंड रेडर्स यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना, जेट्स ३२-२९ असे पुढे आणि खेळाचे ६५ सेकंद शिल्लक असताना, देशाच्या मोठ्या भागात मध्येच तोडला आणि ठरल्या वेळेला लहान मुलांचा चित्रपट सुरू केला. तेवढ्या वेळात रेडर्सनी दोनदा गुण कमावून सामना ४३-३२ असा फिरवला. संतापलेल्या प्रेक्षकांच्या फोनांनी वाहिनीचे टेलिफोन केंद्र कोलमडले, आणि त्यानंतर सामना संपेपर्यंत दाखवायचा असा दंडकच पडला. तेव्हा प्रेक्षकांना न दिसलेल्या ६५ सेकंदांसाठी नियम बदलला होता. माझे मागणे त्याहून २४ सेकंदांनी लहान आहे.

या यंत्राचे कोणतेही हक्क मी माझ्याकडे ठेवत नाही. फक्त नाव बदलू नये आणि माहितीपुस्तिकेत कुठेतरी भाच्याचा उल्लेख करावा.

आपला,
तळमजल्यावरचा एक प्रेक्षक

ताजा कलम : पत्र पाठवण्यापूर्वी ते मी वरच्या गृहस्थांना वाचून दाखवले, कारण पेला त्यांच्या तोंडाला लागणार आहे. ते पेला बांधायला तयार आहेत, पण त्यांची एक अट आहे: मीही बांधायचा. त्यांचे म्हणणे असे की माझी आरोळी त्यांच्यापर्यंत ४१ सेकंद उशिरा पोहोचते, आणि तोवर बऱ्याचदा त्यांच्या पडद्यावर तो गोल रद्द झालेला असतो किंवा समोरच्यांनी बरोबरी साधलेली असते; अशा वेळी खालून येणारा माझा जल्लोष ऐकून त्यांना रडू येते, आणि खाली येऊन मला सांगावे की सांगू नये या विचारात त्यांचा पुढचा खेळ बुडतो. हा मुद्दा मला सुचला नव्हता. माझी उशिरा येणारी आरोळी मागे नेऊन वेळेवर कशी पोहोचवायची, यावर मी काम सुरू केले असून त्याबाबत स्वतंत्र पत्र लिहीन. तूर्त थांबतो, आज उपांत्य सामना आहे, वर आत्ताच खुर्ची खरवडली, आणि पाकीट चिकटवून पडद्यासमोर जाऊन बसायला माझ्याकडे अजून ४१ सेकंद आहेत.